स्लाइड ओढली का?

होमाई व्यारावाला ज्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यानं बातम्यांचे फोटो काढत, त्यानं एक फोटो काढायचा, तर हाताला किती कामं असत ते आधी बघू. फिल्मचा होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायचा. लेन्सच्या शटरची खिट्टी ओढून ते ताणून ठेवायचं. अंतराचा अंदाज घेऊन फोकस लावायचा. फ्लॅशच्या चकचकीत वाटीत नवा बल्ब बसवायचा. होल्डरमधली डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मला उजेडापासून झाकणारी पातळ पट्टी, ओढून बाहेर काढायची. मग बटण. मग ती पट्टी पुन्हा आत, पण पलटवून. पट्टीची एक कड पांढरी असते, दुसरी काळी. पांढरी दिसली तर फिल्म कोरी, काळी दिसली तर वापरलेली. मग होल्डर उपसायचा आणि फिरवून परत घालायचा, कारण त्याच्या दोन अंगांना मिळून फिल्म दोनच. जळालेला बल्ब काढून टाकायचा. तो इतका तापलेला असे की बोट चिकटावं. शटर पुन्हा ताणायचं आणि पहिल्यापासून सगळं परत.

सरावलेल्या माणसालाही दोन फोटोंच्या मध्ये आठ-दहा सेकंद लागत. पाहुणा विमानाच्या दारात येतो, हात हलवतो, चार पायऱ्या उतरतो, तेवढ्यात दुसरा फोटो तयार झाला तर नशीब.

चुकायला जागा जागोजागी. स्लाइड ओढायलाच विसरलं, तर बल्ब झगझगतो, बटण वाजतं, सगळं झाल्यासारखं वाटतं आणि रात्री डार्करूममध्ये हातात कोरी फिल्म येते. फोकस बघायला उघडलेलं शटर बंद न करता स्लाइड ओढली, तर फिल्म जागीच जळते. वापरल्यावर पट्टी पलटवली नाही, तर तीच फिल्म कोरी समजून पुन्हा वापरली जाते आणि एकाच हारात दोन मंत्री दिसतात. यातली एकही चूक जागच्या जागी कळत नाही. म्हणून या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याच्या डोक्यात बटण दाबण्याआधी एकच प्रश्न फिरत असे : स्लाइड ओढली का?

होमाई व्यारावाला यांनी हे सगळं साडी नेसून, खांद्याला सामानाची पिशवी अडकवून, पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून केलं. १९४२ साली त्या मुंबईहून दिल्लीला गेल्या आणि १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. मधल्या २८ वर्षांत दिल्लीत जे काही घडलं, त्यातलं बरंचसं आपल्या डोळ्यांसमोर आज ज्या रूपात उभं राहतं, ते या बाईंच्या जागेवरून दिसलेलं रूप आहे.

त्यांच्याबद्दल लिहिताना 'भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार' एवढं म्हणून लोक थांबतात. ते खरंच आहे, पण त्यातला 'वृत्त' हा शब्द आपण फार भरकन ओलांडतो. पत्रकारितेत बायका त्याआधीही होत्या. आपल्याकडे तानुबाई बिर्जे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'दीनबंधू' वृत्तपत्र चालवत होत्या. कॅमेरा हातात घेणाऱ्याही होत्या. कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त घरोघरी जाऊन पडद्यातल्या बायकांचे फोटो काढत. पण घरात किंवा स्टुडिओत समोरचा माणूस तुमच्यासाठी बसलेला असतो. 'जरा हनुवटी वर' म्हणता येतं. वृत्तछायाचित्रकारासाठी कुणी थांबत नाही. धक्के खात आपली जागा धरावी लागते आणि संध्याकाळच्या आत छापील फोटो टेबलावर पोचवावा लागतो. त्या जागेवर तेव्हा बाई नव्हती.

जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारीचा. घर पारशी, वडील डोसाभाई हातीराम फिरत्या नाटक कंपनीत. वाढल्या मुंबईत. शाळा ग्रँट रोडला, पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला अभ्यास. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी. दोघांची ओळख झाली तेव्हा होमाईबाई १३ वर्षांच्या होत्या. पुढे माणेकशा टाइम्स ऑफ इंडियात हिशेब सांभाळत आणि फोटोही काढत. म्हणजे तंत्र घरातून आलं आणि चौकट जे. जे.मधून. त्यांचे तिशीच्या दशकातले मुंबईचे फोटो पाहिले, की जे. जे. लगेच ओळखू येतं. सोबत शिकणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर पडलेला तिरका उजेड, पाठीमागची मोकळी ठेवलेली जागा, देहाचा डौल. बातमी टिपायला लागण्याआधी त्यांनी चित्र बघायला शिकून घेतलं होतं, आणि हा क्रम पुढे फार उपयोगी पडला. वर्तमानपत्री फोटोत माणसं एका रांगेत दगडासारखी उभी असतात. यांच्या फोटोत ती एकमेकांकडे बघत असतात.

सुरुवातीचे फोटो बायकांच्या क्लबच्या सहलीचे. 'बॉम्बे क्रॉनिकल'नं ते छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला. मग 'इलस्ट्रेटेड वीकली'त मुंबईच्या रोजच्या जगण्यावरच्या मालिका येऊ लागल्या. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर हवाई हल्ल्यापासून बचावाची कवायत, रुग्णवाहिका चालवायला शिकणाऱ्या बायका, असे विषय आले. यातलं बरंच काम माणेकशांच्या नावावर छापलं जाई. ते माहितीतले होते, शिवाय बाईचं नाव घातलं तर फोटोच्या खरेपणाबद्दल शंका घेतली जाण्याची भीती. आज कुणी त्या काळातला अंक चाळून होमाईबाईंचं नाव शोधू लागलं तर पानामागून पानं रिकामी जातील, आणि फोटो तर समोरच असेल.

दिल्लीत दोघांना ब्रिटिश माहिती सेवेच्या फार ईस्टर्न ब्यूरोत काम मिळालं, बाहेरची कामं घ्यायची मुभा होती. कनॉट प्लेसला बिऱ्हाड. सुरुवातीला होमाईबाई सायकलवरून फिरत. स्पीड ग्राफिक नुसता उचलला तरी अडीच-तीन किलो. त्यात डझनभर होल्डर, म्हणजे २४ फोटोंची बेगमी, बल्बचे खोके, फ्लॅशची नळी आणि तिचे सेल. दुसरा कॅमेरा रोलायफ्लेक्स.

हे दोन कॅमेरे स्वभावानं अगदी वेगळे. स्पीड ग्राफिक डोळ्याला लावावा लागतो. समोरच्याला कळतं की आपल्यावर नेम धरलाय. रोलायफ्लेक्स पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. चालणारा माणूस काचेत उलट्या बाजूला सरकतो आणि नवशिक्या त्याच्यामागे कॅमेरा भलतीकडे वळवतो. हा गोंधळ जायला काही आठवडे लागतात. फायदा असा, की फोटो काढणारी व्यक्ती वाकून आपल्याच पोटाशी काहीतरी खटपट करते आहे असं वाटतं, आणि लोक सैलावतात. एका रोलमध्ये १२ फोटो, प्रत्येक चौकोनी, सहा सेंटिमीटरचा. बारा म्हणजे स्पीड ग्राफिकच्या मानानं चैनच.

फ्लॅशचं गणित पाठ लागे. प्रत्येक जातीच्या बल्बला एक आकडा असतो. त्याला अंतरानं भागलं की लेन्सचं तोंड किती उघडायचं ते निघतं. आकडा १६० असेल आणि माणूस १० फुटांवर, तर १६. वीस फुटांवर, तर ८. हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. म्हणून जुने लोक फोकस १० फुटांवर कायमचा लावून ठेवत आणि स्वतःच पुढे-मागे सरकत. कागदावर सोपं वाटतं. पण हॉलचं छत उंच असलं, भिंती गडद असल्या, तर उजेड परतून येत नाही आणि माणूस कोळशाच्या खाणीत उभा असल्यासारखा दिसतो. त्यात बल्ब बटणाबरोबर लगेच पूर्ण पेटत नाही. आतली धातूची बारीक तार ऑक्सिजनमध्ये जळून ऐन भरात यायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग जातो. तेवढा वेळ शटरनं थांबायला हवं. जुळणी बिघडली तर लख्ख उजेड होतो आणि फोटो तरी अंधारा येतो. काही बल्बवर निळा ठिपका असे. तो गुलाबी झाला की समजायचं, हवा आत शिरली, हा बल्ब फुटेल. पाहुण्यांच्या तोंडासमोर काचेचा स्फोट नको असेल तर तो आधीच टाकून द्यायचा.

आणि हे झालं निम्मं काम. उरलेलं रात्री, दिल्लीच्या उकाड्यात. डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या औषधाचं, पाणी २० अंशांवर असावं लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३५ च्या वर. गरम डेव्हलपरमध्ये फिल्मवरचा जिलेटिनचा थर साबुदाण्यासारखा फुगतो, मऊ पडतो आणि कडेनं सुटू लागतो. मग बर्फ आणायचा. तो डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, नाहीतर वितळून औषध पातळ होतं. मोठ्या परातीत बर्फाचं पाणी आणि त्यात औषधाची ट्रे. इथंच दुसरा फास बसतो : डेव्हलपर गार केला, पण शेवटी फिल्म धुवायला नळाचं कोमट पाणी घेतलं, की थर अचानक ताणला जातो आणि सगळ्या चित्रावर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. ते परत दुरुस्त होत नाही. उपाय म्हणजे सगळी पाणी एकाच तापमानाला ठेवणं किंवा गरम हवेसाठीची कृती वापरणं : डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट, म्हणजे थर कमी फुगतो, आणि त्यानंतर फिल्म ज्यात बुडवतात त्या मधल्या पाण्यात क्रोम अॅलम, म्हणजे तो कडक होतो. मग वाळवणं. लू सुटलेली असेल तर ओल्या निगेटिव्हवर धूळ बसते आणि आकाशात पांढरे किडे दिसतात. व्यारावाला जोडप्यात डार्करूमची बाजू मुख्यतः माणेकशा सांभाळत. आपण त्यांचं नाव या गोष्टीत एका ओळीत उरकतो, पण उन्हाळ्यात निगेटिव्ह वाचली ती कुणाच्या तरी बर्फामुळे.

प्रसंगांकडे येऊ. जून १९४७. फाळणीची योजना काँग्रेसच्या बैठकीत मताला टाकलेली. होमाईबाईंच्या फोटोत हात वर झालेले आहेत, बस. देशाचे दोन तुकडे करणारा क्षण, आणि दिसतं काय, तर कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत असावेत तसे हात. त्या फोटोपुढे थांबल्याशिवाय पुढचं पान उलटता येत नाही, निदान मला तरी.

लाल किल्ल्यावरचं पहिलं झेंडावंदन १५ ऑगस्टला झालं असं आपण धरून चालतो. ते झालं १६ ऑगस्टला. त्या सकाळी होमाईबाई तिथं होत्या. पुढे १९४८च्या जूनमध्ये माउंटबॅटन दिल्ली सोडून गेले, तोही फोटो आहे.

जो नाही, तो ३० जानेवारी १९४८चा. त्या दिवशी त्या बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, नवऱ्यानं परत बोलावलं, उद्या जाऊ असं ठरलं. उद्या राहिलंच नाही. ही हुकलेली संधी त्यांना आयुष्यभर लागून राहिली, असं त्या सांगत. पण जरा तंत्राच्या बाजूनं बघा. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, जानेवारीतला दिल्लीचा उतरता उजेड, चालणारा माणूस, भोवती गर्दी. तीन गोळ्या काही सेकंदांत संपल्या. हातात एक होल्डर, म्हणजे दोन फिल्म, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आठ सेकंद. त्या क्षणाचा फोटो जगात कुणाकडेच नाही. दुसऱ्या दिवशी यमुनेकाठी अंत्यसंस्काराला त्या गेल्या. त्या फोटोंत ज्वाळा आहेत, माणसांचा समुद्र आहे.

साडीमुळे अडचण झाली असेल असं आपल्याला वाटतं. त्यांचं म्हणणं उलटं होतं. साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय, म्हणजे हौस असेल, असं समजून कुणी मनावर घेत नसे, आणि म्हणून जिथं पुरुषांना हटकलं असतं तिथं त्या आरामात जाऊन उभ्या राहत. फोटो छापून आल्यावर लोकांना कळे की बाई कामावर होती. यात गंमत आहे, तसा अपमानही आहे. दोन्हींचा वापर करून घेण्याएवढ्या त्या व्यवहारी होत्या.

१९५६ साली दलाई लामा बुद्धजयंतीच्या निमित्तानं भारतात आले, तेव्हा त्यांचा फोटो घ्यायला त्या सिक्कीमला एकट्या गेल्या. नाथू ला खिंड १४ हजार फुटांच्या वर. थंडीत सेल अर्धमेले होतात आणि बल्ब पेटत नाही. शटरमधलं तेल घट्ट होऊन ते हळू चालतं, म्हणजे फोटो गरजेपेक्षा जास्त उजेड खातो. बाहेरून उबदार खोलीत शिरलं की लेन्सवर वाफ धरते. ती पुसायची नाही, कॅमेरा पिशवीतच तासभर बंद ठेवायचा. त्यांच्या फोटोत दलाई लामा समारंभाच्या पोशाखात खिंडीतून येताना दिसतात. अंगावरचा पोशाख जड, चेहरा पोरगेला. तेव्हा ते २१ वर्षांचे होते.

होमाईबाईंचा आवडता विषय पंडित नेहरू. याचं साधं कारण म्हणजे नेहरू एका चेहऱ्यावर टिकत नसत. कबूतर सोडतानाचे नेहरू सगळ्यांना माहीत आहेत. माझ्या आवडीचा फोटो पालम विमानतळावरचा : 'फोटोग्राफी सक्त मना आहे' अशी पाटी आणि तिच्याच शेजारी नेहरू. फोटो काढणारीनं आधी पाटी बघितली असणार आणि मग माणूस तिथं येण्याची वाट पाहिली असणार. हे दोन फिल्मच्या होल्डरवालीचं काम आहे. जागा ठरवून, अंतर मोजून, स्लाइड ओढून गप्प उभं राहायचं. पालमलाच नेहरू बहीण विजयालक्ष्मी पंडितांना मिठी मारतात तो फोटोही असाच. मिठी दोन सेकंदांची. 'अहो, पुन्हा एकदा' म्हणणं तिथं शक्यच नसतं.

आणखी एक फोटो आज फार फिरतो. विमानात नेहरूंच्या ओठांत सिगारेट आहे आणि ते ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत. व्हॉट्सअॅपवर तो नेहरूंचं चारित्र्य सिद्ध करायला पाठवला जातो. खाली काय काय लिहिलेलं असतं ते इथं नको. बहुतेक वेळा एक गोष्ट मात्र लिहिलेली नसते : फोटो कुणी काढला ते. तिशीच्या दशकात नवऱ्याच्या नावाखाली आणि ऐंशी वर्षांनी कुणाच्याच नावाखाली नाही, असा हा प्रवास.

त्यांनी स्वतःसाठी घेतलेलं नावही गमतीचं. 'ऑनलूकर' मासिकात त्यांचे फोटो 'डालडा १३' या नावानं येत. जन्म १९१३चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा नंबर डीएलडी १३. डीएलडी भरभर म्हणा, डालडाच होतो. देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो डबा होता, रिकामा झाला की त्यात तुळस लावली जायची. स्वतःच्या नावाला असा घरगुती डबा चिकटवणाऱ्या बाईला विनोदाचं अंग होतं, एवढं नक्की.

१९६४ मध्ये नेहरू गेले. आपण रडतोय हे इतर फोटोग्राफरना दिसू नये म्हणून तोंड लपवून रडले, असं त्यांनी पुढे सांगितलं. १९६९ मध्ये माणेकशा गेले. पुढच्या वर्षी होमाईबाईंनी काम सोडलं. कारण विचारल्यावर त्या नव्या फोटोग्राफरांच्या वागण्याबद्दल बोलत. पूर्वी काही नियम होते, कपड्यांचीही शिस्त होती, एकमेकांचा मान राखला जाई, आता नुसती झटपट पैशाची धाव, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीबद्दल हेच म्हणते, म्हणून मी ते तसंच्या तसं घेत नाही. पण तोवर कॅमेराही बदलला होता. छोट्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ३६ फोटो, मोटर लावली की खटाखट. इतके फोटो हातात असले की आधी जागा धरून उभं राहण्याची गरज उरत नाही, माणूस नुसता घुसतो. रेटारेटी त्यातूनच वाढली असावी.

मुलगा फारूक पिलानीला शिकवत असे, तिकडे त्या राहायला गेल्या. नंतर वडोदऱ्याला. १९८९ मध्ये फारूकही गेले. त्यानंतर वडोदऱ्याच्या घरात त्या एकट्या राहिल्या. बाग, सुतारकाम, नळाची दुरुस्ती, सगळं स्वतः. माध्यमांच्या अभ्यासक सबीना गडीहोक यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून २००६ मध्ये त्यांच्यावरचं पुस्तक काढलं, तेव्हा कुठं लोकांना कळलं की हे सगळे ओळखीचे फोटो एकाच बाईचे आहेत. २०१० साली संग्रह अल्काझी फाउंडेशन या कलासंस्थेकडे गेला, त्याच वर्षी मोठं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मविभूषण. १५ जानेवारी २०१२ रोजी, ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

कॅमेरा सोडून तेव्हा ४२ वर्षं झाली होती. नवे फोटो नव्हतेच. खोक्यांत होत्या त्या दिल्लीच्या निगेटिव्ह, ज्यांच्यासाठी मे महिन्यात कधीतरी बर्फ आणला गेला होता.